रेघा दिसतील तोवर

या लेखात मला एकाच प्रश्नाचे उत्तर द्यायचे आहे. माझ्या लग्नाची बोलणी झाली त्या संध्याकाळी, वडूजच्या घरात, बाहेर अंगणात चांगला उजेड असताना माझे वडील वाढलेल्या ताटावरून न जेवता का उठले?

प्रश्न लहान आहे. पण त्याच्या एका उत्तरावर माझ्या सासूबाईंनी तीस वर्षे विश्वास ठेवला, आणि खरे सांगायचे तर ते उत्तर खोटे आहे असे ठामपणे म्हणण्याइतका पुरावा माझ्यापाशीही नव्हता. गेल्या कार्तिकात वडील गेले. सासूबाई ऐंशीच्या पुढे आहेत. त्या ऐकू शकतात तोवर खरे उत्तर सापडले पाहिजे, एवढीच माझी घाई होती.

वडिलांना आम्ही आप्पा म्हणत असू. आम्ही जैन शेतकरी. पलूसजवळच्या गावात दीड एकर रान, तेवढ्यावर चार माणसांचे घर चालत नसे, म्हणून आप्पा दुसऱ्यांच्या द्राक्षबागांचे मांडव उभारून देत. ज्यांनी हे काम पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. द्राक्षाची वेल स्वतःच्या बळावर उभी राहत नाही. तिच्यासाठी ओळीने लोखंडी अँगल पुरतात, त्यांच्या बुडाशी काँक्रीट भरतात आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत तारा ओढतात. पुढे फळाने लगडलेल्या बागेचे सगळे ओझे त्या तारांवर येते. तार सैल राहिली तर भर हंगामात मांडव बसतो आणि शेतकऱ्याचे वर्ष बसते. तार ताणायला अवजार असते, पण शेवटचा ताण आप्पा हातानेच पाहत. मुठीत धरून ओढायची, सोडायची, बोटाने टिचकी मारून कान लावायचा. हातमोजे घाला म्हणून आई अनेकदा मागे लागली. त्यांचे उत्तर ठरलेले होते.

"मोजं घातलं की हात आंधळा हुतो. तार ताणली का न्हाई हे हाताला कळतं, मोज्याला न्हाई."

तारेला दोन टोके असतात, त्यामुळे या कामाला दोन माणसे लागतात. दुसऱ्या टोकाला उभा राहणारा माणूस वडूजच्या पलीकडच्या एका वस्तीवरचा. त्याचे वाडवडील मेंढरे घेऊन चाऱ्यामागे फिरत. त्याने मेंढरे कमी केली, थोडी शेती धरली आणि कामाच्या दिवसांत आमच्याकडे येऊन राहू लागला. त्यांना मी मामा म्हणते. दोघांचा धर्म वेगळा, बोलण्याची तऱ्हा वेगळी, पण वीस-बावीस वर्षे एकाच तारेची दोन टोके त्यांनी धरली.

आता आप्पांच्या धर्माविषयी. ते कुणाला उपदेश करत नसत. पहाटे देवळात जाऊन येत, अँगलचा पहिला खड्डा घेण्यापूर्वी तिथल्या मातीत किडामुंगी आहे का ते वाकून पाहत, आणि कामावर असले तरी पाणी जाड फडक्यातून गाळूनच पीत. गाळून झाले की फडक्यावर राहिलेले सूक्ष्म जीव ते त्याच विहिरीत परत सोडत. वरून झटकून नव्हे. फडके बादलीत खळबळून बादली दोराने पाण्यापर्यंत खाली नेत आणि अलगद कलती करत. बागेचा मालक हसायचा. "आप्पा, माशांस्नी पोचवून आला व्हय?" आप्पाही हसत आणि पुन्हा तार धरत. दुसऱ्याच्या घरी गेल्यावर मात्र पाणी गाळलेले आहे का, असे त्यांनी कधी विचारलेले मला आठवत नाही. "दिलेल्या पाण्याला शंका धरू नये," असे ते म्हणत. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे त्याचा उपयोग आहे.

दुसरा नियम रात्रीच्या जेवणाचा. दिवस मावळल्यावर अन्न नाही, पाणीही नाही. शास्त्रात यासाठी घटकांचा हिशेब सांगतात. आमच्या आजोबांकडे घड्याळ नव्हते, म्हणून त्यांनी घरापुरती एक सोपी खूण घालून दिली होती. पानावर बसायचे, दिवा लावायचा नाही, उजवा तळहात उघडून समोर धरायचा. हातावरच्या रेघा स्पष्ट दिसल्या तर जेवायचे. दिसल्या नाहीत तर आपल्यासाठी रात्र झाली. अंगणात ऊन रेंगाळत असले तरी माजघरात अंधार लवकर शिरतो, तेव्हा ही खूण सूर्यापेक्षा कडक होती. आजोबा गेले, भिंतीवर घड्याळ आले, तरी आप्पांनी खूण बदलली नाही.

माझ्या लहानपणी हिवाळ्यात असे वारंवार घडे. आप्पा कामावरून येत, हातपाय धुऊन माझ्याशेजारी बसत आणि तळहात उघडत. जरा वेळ त्याच्याकडे पाहत. मग मला विचारत, "तुला दिसत्यात का गं तुझ्या रेघा?"

"दिसतात की."

"मग जेव तू."

आणि ते उठत. आई कढईशी बसून चिडे. "पोरीला दिसतंय, मला दिसतंय, तुमालाच कसं दिसंना? उपाशी ऱ्हायाची हौसच हाय." मलाही तसेच वाटे. शाळेत सूर्यास्ताची वेळ शिकल्यावर तर मी त्यांना कॅलेंडर आणून दाखवले होते. त्यांनी ते कौतुकाने वाचले आणि भिंतीला टांगले. जेवणाची खूण तीच राहिली. पुढे मी गणित-विज्ञानाची शिक्षिका झाले, मुलांना निरीक्षण कसे करावे हे शिकवू लागले. पण रोज संध्याकाळी माझ्या शेजारी उघडा धरलेला तो हात मी एकदाही नीट पाहिला नव्हता. ही चूक माझी आहे आणि ती इथे नोंदवणे मला आवश्यक वाटते.

आता बोलणीचा दिवस. मार्गशीर्ष महिना होता. माझे सासर वडूजचे, जैन व्यापाऱ्यांचे घर. आप्पा विट्याला एसटी बदलून तिसऱ्या प्रहरी पोहोचले. सोबत वाट दाखवायला मामा होते. बोलणी सुरळीत झाली, पण लग्नाच्या तारखेवर दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांचे एकमत होईना, आणि वेळ गेला. ताटे मांडली तेव्हा दिवस उतरला होता, मावळला नव्हता. तेही घर नियम पाळणारे. सगळे जेवायला बसले. आप्पांनी पानावर बसून हात उघडला, पाहिला, मिटला. उठून हात जोडले आणि म्हणाले, "आज ऱ्हाऊ दे."

एवढेच. पुढे काही स्पष्टीकरण नाही. समोर पुरणपोळी होती, पाण्याचा तांब्या होता. त्यांनी पाण्यालाही स्पर्श केला नाही.

लग्न मोडले नाही. पण सासूबाईंच्या मनात ती गोष्ट रुतून बसली. त्यांचे म्हणणे असे की, उजेड सर्वांना सारखा होता. त्यांच्या घरातली सात माणसे त्याच उजेडात नियमाने जेवली. मग एकट्या व्याह्यांनाच रात्र कशी झाली? त्यांनी काढलेला अर्थ एकच होता. व्याह्यांना आमच्या घरचे पाणी शुद्ध वाटले नाही, आणि तोंडावर तसे म्हणायचे नव्हते म्हणून त्यांनी नियम पुढे केला. सासूबाई वाईट नाहीत. घरच्या स्वच्छतेवर त्यांचे आयुष्य गेले आहे, आणि घाव नेमका तिथे बसला होता. पहिल्या सणाला त्या मला म्हणाल्या, "तुमच्या आप्पांना आमचं चालत नाही, तुला चालेल ना गं?" हसत म्हणाल्या, पण म्हणाल्या. नंतर आप्पा जेव्हा जेव्हा वडूजला आले, तेव्हा ते दुपारीच घरून जेवून निघत, आणि दर वेळी सासूबाई माझ्याकडे पाहत. मी आप्पांना एकदा विचारलेही होते. ते म्हणाले, "हाताला अंधार झाला हुता." मला वाटले, टाळत आहेत.

आप्पा गेले तेव्हा छाटणी नुकतीच उरकली होती. ज्यांचे मांडव त्यांनी उभारले त्यांतले किती जण आले ते मी मोजले नाही, अंगण पुरले नाही एवढे खरे. एक वयस्क बागायतदार ओट्याला टेकून म्हणाले, "बाग काढली, दुसरी लावली, पर आप्पांचा मांडव तसाच हाय. तार अजून बोलती." मला त्या क्षणी रडू आले नाही, ताठ बसावेसे वाटले.

सासूबाई वडूजला होत्या, प्रवास झेपत नाही. मी परतल्यावर त्यांनी मला जवळ बसवले. पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "नियमाचा माणूस होता. कष्टाचा तर होताच. फक्त आमच्याविषयी मनात किंतू ठेवून गेला." त्यांनी हे निंदा म्हणून म्हटले नव्हते. पण आप्पांच्या साऱ्या आयुष्याच्या शेवटी त्या घरात एवढेच शिल्लक राहावे, हे मला मान्य नव्हते.

उत्तराची सुरुवात चहाच्या कपाने झाली. पंधरा दिवसांनी मामा भेटायला आले. वय झालेले, पाठीला बाक आलेला. मी कप पुढे केला, त्यांनी दोन्ही तळहात पसरून तो घेतला. त्यांचा हात मला दिसला. तळवा पिवळट, जाड आणि चपटा होता, घासून गुळगुळीत झालेल्या पायरीसारखा. मी न राहवून म्हणाले, "मामा, हातावर रेघाच नाहीत तुमच्या!"

"रेघा कुटनं असत्याल? तारंनं खाल्ल्या, उरल्या त्या शिमिटानं." आणि ते हसले. "तुमच्या आप्पाच्या तर माज्या आदी गेल्या. म्या निदान मधी मेंढरामागं जायाचो, तेवडी हाताला सुट्टी. त्यांस्नी कुटली?"

मला एकदम पलूसच्या सेवा केंद्रातली एक सकाळ आठवली. आधार कार्डाच्या कामासाठी मी आप्पांना तिथे नेले होते. यंत्र त्यांच्या बोटांचा ठसा घेईना. तिथल्या मुलीने हात धुऊन आणायला सांगितले, ओल्या फडक्याने बोटे पुसली, पुन्हा दाबली. "आजोबा, ठसाच उमटत नाही तुमचा." आप्पा तिला म्हणाले, "ल्येकी, मी हाय का न्हाई एवडं तरी त्याला इचार." सगळे केंद्र हसले होते. शेवटी डोळ्यांवरून काम झाले. पुरावा माझ्यासमोर तेव्हाच ठेवला गेला होता. मी तो विनोद म्हणून घरी आणला.

मामांना मी बोलणीच्या संध्याकाळविषयी विचारले. ते म्हणाले, "म्या भाईर ओट्यावर हुतो की. आप्पा आलं आन् आमी वस्तीकडं चालाया लागलो. म्या म्हणलं, आवं आप्पा, पुरणपोळी सोडून आला व्हय? उजेड तर हाय. तर म्हणलं, हाताला अंधार झाला."

"मग तुम्ही काही बोलला नाहीत?"

"बोललो तर! म्हणलं, तुमचा हात म्हंजी घासल्याली फरशी. त्यात भर दुपारी रेघ दिसंना. शेजारच्याचा हात बघायचा, घरी लेकीचा बघायचा, आन् जेवायचं. तर म्हणलं, लेकीचा हात लेकीच्या जेवणाला. नेम माजा हाय, तर हातबी माजाच पायजे."

"आणि त्यांना सांगायचं तरी, की रेघा गेल्यात म्हणून."

मामांनी कप खाली ठेवला. "त्ये बी म्हणलं म्या. तर म्हणलं, लेक देतोय त्या घरात बसून माज्या कष्टाचा डांगोरा पिटू व्हय?"

"मामा, तीस वर्षांत हे कुणाला का नाही सांगितलंत?"

"कुणी इचारलंच न्हाई, ताई. तुमी आज इचारलं."

जाता जाता त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. त्या दुपारी वडूजच्या घरात शिरल्याबरोबर आप्पांनी पाणी मागितले होते आणि दोन पेले प्यायले होते. रस्त्यात तहान लागली होती, म्हणून मामांच्या लक्षात होते. म्हणजे पाण्याच्या शुद्धतेचा तर्क तिथेच संपत होता.

तरीही माझे समाधान होईना. एका माणसाचे सांगणे हा पुरावा असतो, पण तो पडताळून पाहावा, असे मी आयुष्यभर फळ्यापुढे उभी राहून सांगत आले. म्हणून मार्गशीर्षातच मी मामांना वडूजच्या घरी बोलावले. खोली तीच, आप्पा बसले होते ती भिंतीकडची जागा तीच. दिवा लावायचा नाही असे घरात बजावले. उतरत्या दिवसाला मी तीन हात शेजारी शेजारी ठेवले. सासूबाईंचा, माझा आणि मामांचा. प्रत्येकाने आपला हात पाहायचा, शिवाय मी तिन्ही पाहायचे, म्हणजे डोळ्यांतल्या फरकाने गफलत व्हायला नको.

सासूबाईंना आधी हा पोरखेळ वाटला. "या वयात हात दाखवून काय भविष्य बघायचंय?"

मामा म्हणाले, "आवं आक्का, माज्या हातावर तर भविष्यच न्हाई. हात बघणारा बामण कवाच पळाला."

त्या हसल्या. मग हळूहळू पुढे सरकल्या, कारण बाहेर अंगणात तुळशीचे पान न् पान दिसत होते, त्यांच्या स्वतःच्या हातावरची रेघ न् रेघ दिसत होती, माझीही दिसत होती, आणि शेजारचा मामांचा तळवा मात्र केव्हाच सपाट, करडा झाला होता. मी वाकून पाहिले. काही नाही. सासूबाईंनी चष्मा सारखा केला आणि मामांचे मनगट धरून हात आपल्याकडे ओढला. त्यावरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. आम्ही तसेच बसून राहिलो. माझ्या हातावरच्या रेघा विरायला त्यानंतर बराच वेळ गेला. घड्याळ मी मुद्दाम समोर ठेवले होते. एक जेवण सावकाश उरकेल एवढा तो वेळ होता.

मग मी त्यांना दोन पेले पाण्याची गोष्ट सांगितली.

सासूबाईंनी मामांचे मनगट सोडले. मग एकदम मामांवरच उसळल्या. "मग सांगायला काय झालं होतं? तोंड दिलंय ना देवानं? मी तीस वर्षं त्या माणसाला..."

"सांगितलं असतं, तर तुमी म्हणला असता, व्याही पयल्याच दिशी कष्टाची जाहिरात करतोय."

"म्हणाले असते," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "खरंच म्हणाले असते." आणि मग माझ्याकडे वळून, अगदी हळू, "ताट तासभर आधी मांडायला हवं होतं गं मी. त्या माणसाच्या हाताकडं बघून."

आमच्यात सासूला आत्या म्हणतात. मी म्हणाले, "आत्या, मी रोज शेजारी बसत होते. मी तरी कुठं बघितलं?"

मामा त्या दिवशी आमच्याकडेच राहिले. दुसऱ्या दिवशी ऊन अजून भिंतीवर होते तेव्हाच सासूबाईंनी सुनांना हाका मारून पाने मांडायला लावली. पुरणपोळ्या केल्या होत्या. मामांना जेवणाच्या वेळेचा कसलाच नियम नाही, ते कधीही जेवू शकतात, हे त्यांना ठाऊक होते. तरी भिंतीकडच्या जागेवर त्यांना बसवून त्या म्हणाल्या, "हात उघडा आधी." मामांनी उघडला. कवडशाच्या भर उजेडातही त्यावर फारसे काही दिसत नव्हते. सासूबाईंनी तो नीट पाहिला आणि म्हणाल्या, "दिसतंय मला. जेवा."

प्रश्नाचे उत्तर असे आहे: माझे वडील त्या घराच्या पाण्याला शंका घेऊन उठले नाहीत. स्वतःच्या कष्टाने पुसलेल्या हाताला त्यांनी सवलत दिली नाही, आणि त्या कष्टाची सबबही सांगितली नाही, म्हणून उठले. त्यांच्या नियमापेक्षा त्यांचा हात कडक होता. असा माणूस माझा बाप होता, हे मी आता पूर्ण खात्रीने आणि अभिमानाने लिहू शकते.

माझ्या प्रयोगात एक उणीव आहे, ती लपवत नाही. मी पाहिला तो हात मामांचा, आप्पांचा नव्हे, आणि तो आजचा, तीस वर्षांपूर्वीचा नव्हे. म्हणून वाचकांना एक साधी विनंती. तुमच्या घरात किंवा शेजारी तार, दोर, पहार, सिमेंट यांवर आयुष्य काढलेले कुणी असेल, तर एखाद्या संध्याकाळी दिवा न लावता त्यांच्या शेजारी बसा. त्यांचा तळहात आणि तुमचा तळहात एकत्र धरा. कोणत्या हातावर आधी रात्र होते, ते स्वतःच्या डोळ्यांनी तपासून पाहा.